रिंग बदल म्हणणाऱ्यांना

संपादकांनी निरोप धाडला, कविता नको, कविता ढिगानं आल्यात. मग हे घ्या. लेख म्हणा नाहीतर भांडण म्हणा. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही डोक्यात शिरलं ते रद्दीच्या दुकानातून आणि आमच्या विहारातल्या एका कपाटातून. व्याकरण चुकलं तर चुकू द्या. मुद्दा तेवढा गाळू नका.

मुद्दा असा. मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ठेक्यावर आहे. मिल हाऊसला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हजेरी अजून त्याच गेटवर लागते. यंदा हंगाम चालू झाला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुसरी पाळी, चार ते बारा. आठच्या चहाला आम्ही आठ-दहा जण कँटीनमध्ये बसलेलो. माझ्या आईचा फोन आला. माझ्या फोनला बाबासाहेबांचं गाणं रिंग म्हणून लावलेलं. सात-आठ सेकंद वाजलं असेल. टेबलावरची बोलणी थांबली. फोरमन म्हणाले, "ए, ते जातीचं हितं नको वाजवू. रिंग बदल."

चिडून नाही म्हणाले. खांद्यावरचा भुसा झटकावा तसं म्हणाले. चिडले असते तर मी पण चिडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. (फोरमन वयानं माझ्या बापाएवढे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मी पण म्हणतो. म्हणून आदरार्थी लिहितोय. कुणी गैरसमज करून घेऊ नये.)

आता त्याच टेबलावर कुणाच्या फोनला काय होतं ते सांगतो. एकाला शिवाजी महाराजांचा पोवाडा. एकाला बैलगाडा शर्यतीचं गाणं. एकाला हनुमान चालिसा. एकाला हिंदी पिच्चरचं काहीतरी रडकं. आणि नानांच्या फोनला विठ्ठलाचं भक्तिगीत. यातल्या एकाही रिंगला जात नाही. जात फक्त माझ्या रिंगला.

मी विचारलं, "नाना, तुमच्या फोनवर गातंय कोण, ठाऊक हाय का?"

"कोण?"

"प्रल्हाद शिंदे."

"मंग?"

"मंग काही नाही. त्यांनी भीमगीतं पण गायलीत. गळा एकच हाय. तुमच्यात विठ्ठल म्हणतोय, आमच्यात भीम म्हणतोय."

नाना म्हणाले, "ते देवाचं हाय. तुझं येगळं."

चहा संपला, सगळे उठले. दुसऱ्या दिवशी नानांचा फोन वाजला. साधं ट्रिंग ट्रिंग. विठ्ठल गेला होता.

मित्रांनो, मी त्या दिवसापासून याच्यावर विचार करतोय. पाळीत करतोय, सायकलवर करतोय. नाना वारकरी माणूस. गळ्यात माळ. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकून त्यांची सकाळ झाली. पण गळा कुणाचा हे कळल्याबरोबर त्यांचा विठ्ठलसुद्धा बाटला. मला माझ्या रिंगसाठी जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं त्यांच्या विठ्ठलासाठी वाटलं. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. आज आषाढीला कुठल्याही गावात जा, चहाच्या टपरीपासून देवळाच्या कर्ण्यापर्यंत त्यांचाच आवाज. त्यांच्या पोराचा, आनंद शिंद्यांचा पोपट १९८० च्या दशकात कॅसेटवर अख्ख्या महाराष्ट्रात उडाला, पाटलांच्या वरातीत नाचला. नातू आदर्श शिंदे मराठी पिच्चरमध्ये देवाला हाक मारतो, त्यावर लोक डोळे पुसतात. तीन पिढ्या या घरानं महाराष्ट्राला गाणं पुरवलं. महाराष्ट्रानं गाणं घेतलं. घराचा पत्ता तेवढा विचारला नाही, आणि कुणी सांगितला तर असं ट्रिंग ट्रिंग होतं.

आमच्या कारखान्यात उसाचं काय होतं ते बघा. गव्हाणीतून ऊस आत जातो, मिलमध्ये पिळतो, रस एकीकडे, बगॅस दुसरीकडे. लोक समजतात चिपाड फेकून देतात. फेकत नाहीत राव. बॉयलरला घालतात. त्याच्याच वाफेवर मिल फिरते आणि पुढचा ऊस पिळते. आमचं गाणं साखरेच्या पोत्यात जातं आणि आम्ही बॉयलरला.

पुरावा पाहिजे? मोळीपूजनाच्या दिवशी, म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवशी, गेटसमोर डीजे लावला होता. संचालकांची पोरं, शेतकी खात्याचे, आम्ही ठेक्यावरचे, सगळे 'झिंगाट'वर नाचलो. हो, मी पण नाचलो, खोटं कशाला बोलू? 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याआधी कुठल्या मराठी पिच्चरनं एवढा पैसा पाहिला नव्हता. काढला कुणी? नागराज मंजुळेनं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडाराचा पोरगा. आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना त्यानं 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'चा शेवट कसाय? गाणं नाही, आवाज नाही. एक लहान लेकरू रक्तातनं पावलं उमटवत बाहेर येतं. अख्खा पिच्चर त्या पावलांसाठी केलाय. आणि लोकांनी नेलं काय? वरातीला 'झिंगाट'. पुढं २०१८ साली मुंबईच्या हिंदीवाल्यांनी त्याचा 'धडक' केला. त्यांनी तर सरळ जात गाळून टाकली, गाणं तेवढं ठेवलं. नानांपेक्षा हुशार. त्यांनी रिंग बदलली नाही, रिंगचा अर्थच बदलून टाकला.

इथं आमच्यातलेच काही शहाणे म्हणतील, अरे तू काय पिच्चर-गाणी घेऊन बसलास, राजकारणावर बोल. कामगारांच्या प्रश्नावर बोल. त्यांच्याचसाठी पुढचं लिहितोय.

शिर्डी, १६ मे २०१५. नर्सिंग शिकणारा एक पोरगा लग्नाला आला होता. दुकानात बसलेला असताना त्याचा फोन वाजला. रिंगला बाबासाहेबांचं गाणं. त्यावरनं वाद झाला, त्याला मारलं, उचलून नेलं आणि जीव घेतला. असं पोलिसांत नोंदलं गेलं, पेपरला छापून आलं. नाव लिहीत नाही, त्याच्या आईनं ते पुष्कळ वेळा छापलेलं वाचलंय. ज्या गावात रोज हजारो माणसं सगळ्यांचा मालिक एक असं ऐकायला येतात, त्या गावात सात-आठ सेकंदांच्या गाण्यावरनं एक जीव गेला. त्या आठवड्यात आमच्या वस्तीत काय झालं सांगू? आयांनी पोरांचे फोन तपासले. माझ्या आईला वाचता येत नाही. तिनं मामाच्या पोराला सांगून घरातल्या दोन्ही फोनची रिंग काढून टाकली. कुठल्या पुढाऱ्यानं सांगितलं नव्हतं, कुठल्या पोलिसानं नोटीस दिली नव्हती. एक माणूस मेला आणि अख्ख्या जिल्ह्यातल्या वस्त्या एका रात्रीत मुक्या झाल्या. आता सांगा, हे गाणं आहे का राजकारण?

आणि त्याच्या आदल्या वर्षी खर्डा. जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा पोरगा. मराठ्याच्या पोरीशी बोलतो म्हणून शाळेतनं मारत नेला आणि नंतर झाडाला लटकलेला सापडला. मी तेव्हा नववीत होतो. 'फँड्री' त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला थेटरात लागलेला. अडीच महिने झाले होते फक्त. त्यात जब्या आणि त्याच्या घरची माणसं मेलेलं डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीजवळनं नेतात, भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र असतं. शेवटी जब्या दगड मारतो, तो पडद्यावरनं थेट आपल्या अंगावर येतो. पुण्या-मुंबईच्या लोकांनी त्या दगडाला टाळ्या दिल्या. पेपरात रकानेच्या रकाने. खर्ड्याच्या शाळेत मात्र हातातला खडूसुद्धा कुणी मारला नाही.

पुढं काय झालं तेही लिहून ठेवतो. नोव्हेंबर २०१७. नगरच्या कोर्टानं खर्ड्याचे आरोपी निर्दोष सोडले. साक्षीदार फिरले. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं नाही म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात त्याच नगरच्या कोर्टात कोपर्डीचा निकाल लागला, तिघांना फाशी. कोपर्डीच्या पोरीवर जुलै २०१६ मध्ये जे झालं ते माणसानं करायचं काम नव्हतं. गुन्हेगार आमच्या समाजातले होते म्हणून मी एका शब्दानं त्यांची बाजू घेणार नाही, आणि आमच्यातला कुणी घेत असेल तर त्यानं हे पान इथंच मिटावं. त्या पोरीच्या आईबापाला न्याय मिळाला, मिळायलाच पाहिजे होता. तिच्यासाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेही बरोबर होतं. पण त्याच मोर्चांत ॲट्रॉसिटीचा कायदा बदला म्हणून मागणी होती. माझा प्रश्न एवढाच आहे. एका निकालात साक्षीदार उभे राहिले, दुसऱ्यात बसले. कायदा दोन्हीकडं होता. मग दोष कायद्याचा का साक्षीदारांच्या जिभेचा? ज्या शाळेत, ज्या गावात, ज्या कँटीनमध्ये एक माणूस "ते जातीचं नको वाजवू" म्हणतो आणि बाकीचे आठ जण चहात बघतात, तिथलेच आठ जण उद्या कोर्टात साक्षीदार असतात. चहात बघायची सवय लागली की कोर्टात पण चहातच बघतात.

आता जिल्ह्याचं नाव बदललं. २०२४ पासून अहिल्यानगर. एसटीच्या पाट्या बदलल्या, कारखान्याच्या लेटरहेडवर नवं नाव आलं. अहिल्यादेवींबद्दल मला आदर आहे, बाईनं विहिरी बांधल्या, घाट बांधले, राज्य चालवलं. त्यांचं जन्मगाव चौंडी. तालुका जामखेड. खर्ड्याचा पण तालुका जामखेड. चौंडीला हेलिपॅडवर उतरणाऱ्या साहेबांना खर्डा काय लांब नाही. खर्डा म्हटलं की शाळेत १७९५ ची लढाई शिकवतात, निजाम हरला ती. दुसरी लढाई शिकवत नाहीत, कारण तिच्यात कोण हरलं ते सगळ्यांना माहितीये. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं असाही निर्णय केला होता, की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, महारवाडा म्हणायचं नाही, समतानगर, भीमनगर म्हणायचं. आमच्याकडं पाटी लागली. ट्रॅक्टरवाला अजून विचारतो, "म्हारवाड्याकडनं जाऊ का?" जिल्ह्याचं नवं नाव त्याच्या तोंडात चार दिवसांत बसलं. आमच्या वस्तीचं बसेना. जीभ तीच आहे.

कारखान्याचं पण सांगतो, नाहीतर शहाणे म्हणतील कामगार राहिलाच. नगर म्हणजे सहकार. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो महाराष्ट्रातला पहिला. मोठं काम. सावकाराच्या घशातला ऊस काढला. मी नावं ठेवत नाही. पण सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला रान लागतं आणि रानाला आजा लागतो, ज्याच्या नावावर सातबारा आहे. माझ्या आज्याच्या नावावर गावकी होती. म्हणजे मेलेलं ढोर ओढायचं आणि सांगावा घेऊन पळायचं. महारांचं वतन कायद्यानं गेलं १९५८ साली, तोवर पाट आणि ऊस दोन्ही वाटून झाले होते. म्हणून सहकारात आमचा सहकार बगॅसच्या बाजूनं. साखरेच्या बाजूची आडनावं वाचा, लॅबची वाचा, टाईम ऑफिसची वाचा, मग मिलखालची वाचा. मी सांगायची गरज नाही, हजेरीपट सांगतो.

हंगामी कायम असलेल्याला बंद हंगामात घरी बसून थोडाफार भत्ता मिळतो. ठेक्यावरच्याला नाही. मला पाच महिने काम आणि सात महिने आकाश. तरी बरं, ऊसतोडीच्या कोयत्यांकडं बघितलं की मी स्वतःला साहेब समजतो. पाथर्डी-शेवगावची, बीडची जोडपी, मुकादमाची उचल डोक्यावर, थंडीत पाचटाच्या खोपीत लेकरं. त्यांच्यावर लिहायला वेगळं पान लागेल.

पण नानांना मला एक सांगायचं होतं, ते चहाच्या टेबलावर सुचलं नाही. कवीला नंतर सुचतं, हा त्याचा रोग. नाना, तुमची पाळी आठ तासांची कशी झाली? ज्याचं नाव माझ्या रिंगमध्ये आहे तो माणूस १९४२ ते १९४६ दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा कारभार बघत होता. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास होते आणि हंगामी कारखान्याला ६०. साखर कारखाना त्या कायद्यात हंगामीच धरलेला. १९४६ च्या दुरुस्तीनं ५४ चे ४८ झाले आणि ६० चे ५०. पुढं १९४८ च्या कायद्यानं सगळ्यांनाच ४८. दुरुस्तीचं ते बिल बाबासाहेबांच्या खात्याचं. त्यात कुठंही लिहिलेलं नाही, की हे तास फक्त महारांचे कमी होतील. तुम्ही बाराला भोंगा झाला की डबा उचलता ना, तो भोंगा पण जातीचाच वाजतो म्हणायचा का? तो पण बदला मग.

आणि बदलतायत. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरनं बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तसेच राहतील म्हणतात, कामगाराची संमती घेऊ म्हणतात. ठेक्यावरच्या माणसाची संमती कशी घेतात ते मला विचारा. सकाळी गेटवर ठेकेदार म्हणतो, "येतोस का दुसऱ्याला बोलावू?" झाली संमती. ही बातमी कँटीनमधल्या पेपरात होती. तो पेपर आठ जणांनी वाचला, राशिभविष्यासकट. त्यावर कुणी बोललं नाही. सात-आठ सेकंदाच्या रिंगवर बोलले.

आता आपल्या लोकांकडं येतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच शिव्या देतो. १४ एप्रिलला आमच्या वस्तीत पण डीजे येतो. भिंत हालते. माझं त्याला काही म्हणणं नाही, वर्षभर आवाज दाबून ठेवणारा माणूस एक दिवस मोठ्यानंच वाजवणार. पण नवी गाणी ऐका जरा. गाडी, गॉगल, कोण कुणाच्या नादाला लागला तर त्याचं काय होईल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठे झाल्यावर अक्षरं शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गाणी लिहीत, गात फिरले. २००४ ला गेले. त्यांच्या गाण्यात भाकरीचा, मजुरीचा हिशोब होता. आमच्या डीजेत पीएफचा हिशोब नाही. मी एका मंडळाच्या पोरांना म्हटलं, ठेकेदार आपला पीएफ भरतो का नाही यावर एक गाणं करू. पोरं हसली. म्हणाली, त्याच्यावर नाचणार कसं? मी म्हटलं, नाचायला काय, आपण कशावर पण नाचतो. तरी सांगतो, गाणं चांगलं का वाईट हे आमचं आम्ही भांडून ठरवू. वाईट गाण्याचा पण जीव घेता येत नाही. नाना, हा निकाल तुमच्या टेबलावर लागणार नाही.

एक गोष्ट लपवली होती, ती सांगून टाकतो. नाना बोलले त्या रात्री मी घरी आलो आणि फोन मुका केला. रिंग काढली नाही, मुका केला. स्वतःला सांगितलं की रिंग आहेच, फक्त आवाज नाही. अकरा दिवस गाणं खिशात थरथरत होतं. नानांनी निदान उघड उघड बदलली. मी कविता लिहितो, विद्रोह हा शब्द माझ्या वहीत पन्नास वेळा असेल, आणि मी अंगठ्यानं एक बटण दाबून गप्प झालो. शिर्डीनंतर आईनं केलं ते भीतीनं केलं, तिला पोर गमवायचं नव्हतं. मी हंगाम गमवायचा नाही म्हणून केलं. दोन्हीत फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

बाराव्या दिवशी आईच म्हणाली, "तुझा फोन लागतो पण तू उचलीत न्हाईस, आवाज येत न्हाई का?" तिला काय सांगणार? आवाज चालू केला.

अजून कुणी काही बोललेलं नाही. नानांनी दोनदा ऐकलं, मान खाली घालून चहा पिला. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका माळ्याच्या पोरानं परवा हळूच विचारलं, "ते गाणं मला टाक ना, चाल भारी हाय." टाकलं. त्यानं लावलं का नाही, अजून वाजलेलं नाही.

हंगाम मार्चपर्यंत चालेल असं शेतकीवाले म्हणतात. ज्यांच्याकडं माझा नंबर आहे त्यांनी फोन करायचा तर दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात करा, आठच्या चहाला. मिल हाऊसमध्ये ऐकू येत नाही. कँटीनमध्ये सगळे असतात.